शेवटची सकाळ कोणाची?

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याला जायचं तर सकाळची होडी बरी, आणि स्कूबा डायव्हिंगसाठी पाण्यात उतरायचं तर समुद्र नितळ मिळतो तोही सकाळीच. मे महिन्यात दुपार झाली की वारा उठतो, पाणी ढवळतं, होडी हेलकावे खाते. ज्याच्या हातात मालवणातली एकच सकाळ उरली आहे त्याला दोन्हींतलं एकच काहीतरी जमतं. नालवाडीहून आलेल्या एका कुटुंबावर ही वेळ आली, आणि आदल्या रात्री सासरे आणि सून यांच्यात जे बोलणं झालं ते होडीच्या वेळेपाशी थांबलं नाही.

नालवाडी म्हणजे वर्धा शहराला चिकटलेलं गाव. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून विदर्भातल्या शाळाही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. या लांबलेल्या सुट्टीत चौघं कोकणात आली होती: निवृत्त शिक्षक असलेले आजोबा, आजी, महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारी सून आणि बारा वर्षांची नात. मुलाला रजा मिळाली नाही. ज्यांच्या घरी उतरायचं त्यांच्यासाठी वर्ध्याच्या गोरस भांडारातून गोरसपाक नेला होता. परतीचं आरक्षण मडगाव–नागपूर गाडीचं होतं. ती गाडी रोज नसते आणि कुडाळला येते रात्री, त्यामुळे मुक्काम एका दिवसानेही वाढवता येत नव्हता.

आजींना दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं आहे. सकाळी घेतलेला चहा त्यांना दहा वाजता आठवत नाही. मालवणात रोज उठल्यावर त्या ओटीवर येत, माडांच्या मधून दिसणारं निळं पाणी बघत आणि विचारत, “हे एवढं पानी कोनाचं वो?” मात्र जुनं बरंच शाबूत आहे. मुलगा चौथीत असताना त्याच्याकडून इतिहासाची उत्तरं त्यांनीच पाठ करून घेतली होती. मालवणचं नाव काढलं की त्या आजही न अडखळता सांगतात, सिंधुदुर्ग कुरटे बेटावर आहे. आल्या दिवसापासून त्यांचं एकच चाललं होतं, “किल्ल्यावर कवा जाचं आपल्याले?”

मग आधीच का नेलं नाही? अशा आजारात नवी जागा माणसाला बिचकवते. पहिले दिवस आजी रात्री उठून दार शोधत होत्या, आपलं घर कुठे गेलं म्हणून रडवेल्या होत होत्या. होडीत बसवण्याइतक्या त्या शांत झाल्या तेव्हा मुक्काम संपत आला होता. नातीचंही तसंच. ती आल्या आल्या सर्दीने बेजार झाली, आणि नाक चोंदलेलं असताना पाण्याखाली कानावरचा दाब सांभाळता येत नाही म्हणून डायव्हिंग शिकवणाऱ्याने तिला थांबायला सांगितलं. आता सर्दी गेली होती. मुलीसोबत आईने जायला हवं. आणि हलत्या होडीत आजींना चढवायचं-उतरवायचं तर गुडघेदुखीच्या आजोबांना एकट्याने ते जमण्यासारखं नव्हतं. परक्या माणसांपाशी आजींना सोडून जाण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही.

“बाबा, मी सरळ विचारते, राग मानू नका,” जेवणं उरकल्यावर सून ओटीवर येऊन बसली. “उद्या रात्री गाडीत बसेपर्यंत आईंना किल्ला आठवणार नाही. हिला पाण्याखालची दहा मिनिटं जन्मभर आठवतील. मग सकाळ कोणाला द्यायची?”

आजोबा म्हणाले, “म्हणजे ज्याला आठवणार त्याला द्यायची?”

“ऐकायला वाईट वाटतं, पण विचार करून बघा. सुट्टी संपली की हातात राहतं काय? आठवणच ना?”

हा प्रश्न ती वर्गात दरवर्षी मांडते. २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन सांगत, की आपल्यात दोघं राहतात: एक क्षण जगणारा आणि एक मागाहून आठवणारा. १९९३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ विद्यार्थ्यांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद; या शेवटच्या तीस सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. त्रास दुसऱ्या खेपेला उघडच जास्त. तरीही यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर दोनतृतीयांशांहून अधिक जणांनी लांबलेली खेप निवडली, कारण तिचा शेवट थोडा सुसह्य होता. आठवणारा किती वेळ गेला ते मोजत नाही. तीव्र क्षण आणि शेवट तेवढे धरून ठेवतो. म्हणून सुट्टीचा शेवटचा दिवस इतर दिवसांहून वजनदार ठरतो.

“तुमच्या तुकोबांनाही शेवटचा दिवस गोड व्हायला हवा होता,” सून म्हणाली. “हिचा शेवटचा दिवस आपण कडू करायचा?”

“तुझ्या त्या काहनेमनने सुट्टीबद्दल काही विचारलं होतं ना? तू एकदा घरी सांगितलं होतंस.”

विचारलं होतं. समजा, सुट्टी संपल्यावर तुमचे सगळे फोटो नष्ट होणार आहेत आणि एक औषध देऊन तुमची आठवणही पुसली जाणार आहे. मग तुम्ही हीच सुट्टी निवडाल का? कुठे जाल, किती खर्च कराल, मुळात जाल तरी का? ऐकणारे बहुधा गोंधळतात. एवढं सगळं कशासाठी, असं अनेकांच्या मनात येऊन जातं.

“मग तो प्रश्न आपल्या घरात जिवंत बसला आहे,” आजोबा म्हणाले. “आईची प्रत्येक सुट्टी आता तशीच. तिचे फोटो रोज रात्री पुसले जातात. तुझ्या हिशेबाने तिला इथे आणणंच चुकलं.”

“असं नाही म्हणत मी.”

“म्हणत नाहीस, पण तुझं बोलणं तिथेच जाऊन पोचतं. ही दोन वर्षांची होती तेव्हा तू तिला पवनारला न्यायचीस, धाम नदीत पाय बुडवायला. आहे तिला आठवण?”

“नाही. पण ते तिच्यात उतरलं. तिची पाण्याची भीती गेली ती तेव्हाच.”

“आणि आईच्यात काही उतरत नाही?”

इथे सून बराच वेळ गप्प बसली. मग तिने जे सांगितलं ते तिच्याच बाजूच्या विरुद्ध जाणारं होतं, आणि तरी तिने ते सांगितलं याचं मोल मोठं आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली मेंदूतला स्मृतीचा भाग निकामी झालेल्या पाच जणांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले. थोड्या वेळाने त्यांना चित्रपटातलं जवळजवळ काहीच सांगता येईना, पण त्यातून आलेली उदासी किंवा प्रसन्नता टिकून होती. २०१४ मध्ये त्याच विद्यापीठात अल्झायमर झालेल्या रुग्णांवर असाच प्रयोग झाला आणि तेच दिसलं. प्रसंग पुसला जातो, भाव मागे राहतो. उदासीचा अंमल तर आनंदापेक्षा थोडा जास्तच रेंगाळतो. आई-वडिलांना भेटून काय उपयोग, त्यांना थोडंच लक्षात राहणार आहे, असं म्हणणाऱ्या प्रत्येक लेकराने ही गोष्ट माहीत करून घ्यायला हवी.

आजोबा ऐकत होते. ते म्हणाले, “विनोबा आठव्या अध्यायावर बोलले तेव्हा हेच सांगून गेले.”

विनोबांचा विषय या घरात वारंवार निघतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस विनोबा नालवाडीला राहायला आले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत तिथेच राहिले. आजोबांचे वडील ग्रामसेवा मंडळात सूत कातायचे, त्यामुळे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आजोबांच्या हाती शाळेच्या वयातच पडलं. आठवा अध्याय प्रयाणकाळाचा, म्हणजे शेवटच्या घटकेचा. त्यावर विनोबांचं सांगणं असं, की माणूस दिवसभरात असंख्य क्रिया करतो आणि त्यातल्या बहुतेक विसरतो. रात्री मागे बघितलं तर दोन-चार गोष्टी उरतात, वर्षाअखेर त्याहून कमी. पण क्रिया गळून गेल्या तरी त्यांचा संस्कार राहतो. शेवटच्या क्षणी वर येते ती या साठलेल्या संस्कारांची बेरीज. म्हणून शेवट गोड करायचा तर तो शेवटी करता येत नाही, आधीपासून रोज करावा लागतो.

“म्हणजे तुमचे विनोबा आणि माझा काहनेमन एकमेकांच्या विरोधात,” सून म्हणाली. “तो म्हणतो, शेवट सांभाळा, आठवणारा खूश होईल. हे म्हणतात, शेवट सांभाळून सांभाळला जात नाही.”

“विनोबांच्या बाजूने मी एवढंच म्हणेन, की ते आईलाही जागा देतात. तिच्यातला आठवणारा चालला आहे. जगणारा अजून पूर्ण आहे. सकाळी समुद्र बघून तिचा चेहरा कसा होतो, पाहिलंस ना?”

“पाहिलं. पण बाबा, मूल भरत जातं आणि आई रिकाम्या होत चालल्या आहेत. हिच्यातला संस्कार पुढे वाढेल. त्यांच्यातला कशात मिळणार?”

हे वाक्य कठोर आहे. ते बोलायला धैर्य लागतं, कारण अशा घरांत ते अनेकांच्या मनात असतं आणि ओठांवर कोणीच आणत नाही. आजोबा रागावले नाहीत.

“कशातही मिळू नये. काहीतरी पुढे मिळावं म्हणूनच सुख द्यायचं असेल तर ते सुख कुठे राहिलं, ती पेरणी झाली. आई उद्या तिथे हसली तर ते हसणं तेवढ्यापुरतं पुरे आहे. आणि दुसरं सांगू? हिच्यासमोर साठ वर्षांचे समुद्र आहेत. आईला हा बहुधा शेवटचा. पुढच्या वर्षी तिला गाडीत बसवता येईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत.”

आजोबांच्या या युक्तिवादापाशी बहुतेक लोक मान डोलावून उठतील. सून उठली नाही.

“हे मी लहानपणापासून ऐकत आले,” ती म्हणाली. “तुझं काय, तुझ्यापुढे आयुष्य पडलंय. कॉलेजची सहल होती तेव्हा घरी आजी आजारी होत्या. मला सांगितलं, लग्न झाल्यावर नवऱ्यासोबत बघ. लग्न झाल्यावर सांगितलं, मूल मोठं झालं की बघ. ज्याच्याकडे वेळ जास्त त्याने थांबायचं असं ठरवलं ना, की पोरींनी थांबतच राहायचं. कोणीतरी म्हातारं, कोणीतरी आजारी घरात नेहमीच असतं. आणि समुद्र तरी थांबणार आहे का? इथले प्रवाळही पाणी तापल्याने पांढरे पडल्याचं गेल्या काही वर्षांत दिसलं आहे. ही पंचविसाव्या वर्षी येईल तेव्हा खाली काय उरलं असेल?”

तिचं म्हणणं हवेतलं नाही. मालवणच्या समुद्रातला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. २९ चौरस किलोमीटरांहून थोडा मोठा. प्रवाळ, रंगीत मासे, समुद्री गवत हे सगळं किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात आहे, म्हणून तर डायव्हिंगचा धंदा तिथे उभा राहिला. समुद्राचं तापमान जास्त काळ वाढलेलं राहिलं की प्रवाळातले रंगीत सूक्ष्म शैवाल निघून जातात, प्रवाळ पांढरे पडतात आणि ताण लांबला तर मरतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभर अशी चौथी लाट सुरू असल्याचं जाहीर केलं. म्हणजे मुलीचा समुद्रही तिच्यासाठी राखून ठेवलेला नाही.

“मला हे ध्यानात आलं नव्हतं,” आजोबा म्हणाले. “मी विचार करून राहिलो होतो तो आईच्याच बाजूने.”

मध्ये थोडा वेळ कोणी बोललं नाही. डॉक्टरांच्या बोलण्यावरून गोष्ट पुन्हा काहनेमन यांच्याकडे वळली, ती सुनेनेच वळवली. २०२४ च्या मार्चमध्ये, नव्वदी गाठलेले काहनेमन कुटुंबासोबत पॅरिसमध्ये काही दिवस राहिले, मग स्वित्झर्लंडला गेले आणि तिथल्या कायद्याच्या चौकटीत त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. शरीराची आणि बुद्धीची पडझड त्यांना थांबून बघायची नव्हती. जगाला हे कळलं वर्षभराने. आजोबांनी विनोबांचं सांगितलं: १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला आजारपणात त्यांनी औषध आणि अन्नपाणी सोडलं आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, देह ठेवला. पंतप्रधान इंदिरा गांधी त्याआधी त्यांना भेटून गेल्या होत्या. या दोन्ही निर्णयांवर मतभेद आहेत आणि राहतील. नुसतं दुखणं आणि एकटेपण यांना कंटाळून कोणी असा विचार करत असेल तर त्याला गरज सोबतीची आणि उपचारांची असते. ही दोन थोर माणसांची उदाहरणं त्याच्यासाठी नाहीत. त्या रात्री ओटीवर मात्र ती वेगळ्याच कारणाने आली.

“दोघांनीही आपला शेवट आपण ठरवला,” सून सावकाश म्हणाली. “आईंची सकाळ आपण ठरवतोय. तासभर झाला, आणि त्यांना विचारलंच नाही.”

आत जाऊन तिने विचारलं. आजी जाग्या होत्या, उशीची खोळ काढून पुन्हा घालत होत्या. उद्या किल्ल्यावर जायचं का, म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “कुरटे बेट!” त्या म्हणाल्या. पाच-सात मिनिटांनी आजोबांनी तोच प्रश्न केला तेव्हा त्यांनी मान हलवली. “कोन्ता किल्ला? घरी जाऊ ना आता.”

यातलं कोणतं उत्तर आजींचं? अमेरिकन कायदेतज्ज्ञ रोनाल्ड ड्वर्किन यांनी १९९३ सालच्या पुस्तकात या प्रश्नावर एक मत मांडलं. त्यांच्या मते स्मृती हरवण्याआधी माणसाने आयुष्यभर ज्याला महत्त्व दिलं ते त्याचं खरं मत, आणि पुढेही तेच पाळावं. रिबेका ड्रेसर यांनी त्याला विरोध केला: आज समोर बसलेलं माणूस वेगळं आहे, त्याचं आजचं सुखदुःख आधी बघा. मोठ्या निर्णयांत हा वाद फार अवघड होतो. होडीच्या बाबतीत त्याला एक वाट आहे. जुन्या इच्छेने धक्क्यापर्यंत न्यायचं, आणि तिथे पाऊल मागे आलं तर त्या मागे आलेल्या पावलाचं ऐकायचं. आजोबांनी ओटीवर परत आल्यावर जवळजवळ याच शब्दांत हे सांगितलं, आणि ते ड्वर्किन वाचून आलेले नव्हते.

नात जागीच होती. दाराच्या चौकटीपाशी येऊन ती बराच वेळ ऐकत उभी होती.

“आबा, आजीला आठवणार नाही, हे आजीला माहीत आहे का?”

“कधी कधी असतं.” आजोबांचा आवाज खाली आला. “ते दिवस सगळ्यात वाईट असतात.”

“मग मी नाही गेले तर मला रागवायचं नाही, रडले तर,” ती म्हणाली आणि आत गेली. ती समजूतदारपणे तयार झाली असं लिहिणं खोटं होईल. ती रडली, आणि तिला कोणी रागावलं नाही.

निर्णय सुनेने दिला. तिचं मतपरिवर्तन झालं असंही नव्हतं. “किल्ला,” ती म्हणाली. “पण ‘पुढे कधीतरी’ मला चालणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा यायचं. आईंना आणता आलं तर आणू, नाही तर तुम्ही दोघं घरी थांबाल आणि यांनी रजा काढायची, काहीही झालं तरी. आणि पहिली सकाळ हिची. शेवटची नाही, पहिली.” आजोबांनी मान्य केलं. तिने लगेच नवऱ्याला फोन लावून त्याच्याकडूनही कबूल करून घेतलं.

सकाळी निघण्याआधी आजोबा आजींना दांडीच्या किनाऱ्यावर फिरवायला घेऊन गेले. रापण ओढणं चाललं होतं. लांबलचक जाळं होडीने अर्धगोल टाकलेलं असतं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर दोन रांगांच्या हाती असतात, आणि माणसं पाठ टेकवावी तशी मागे रेलत पावलापावलाने जाळं जवळ आणतात. गडी, बायका, सुट्टीतली पोरं, सगळे. आजी कोणी न सांगता रांगेच्या शेवटी गेल्या आणि त्यांनी दोर धरला. विहिरीचा पोहरा ओढलेले हात ते. एकावर एक नीट पडत होते. वाळूवर जाळं आलं तेव्हा आत तारली आणि थोडे बांगडे होते. एका म्हाताऱ्या मच्छीमार बाईने त्यातले चार आजींच्या हातावर ठेवले. माळकरी घरातल्या आजींना त्यांचं काय करायचं ते कळेना. त्यांनी ते नातीच्या हातावर ठेवले, नातीने घरमालकिणीच्या.

धक्क्यावर आजींचं पाऊल मागे आलं नाही. होडीत त्यांनी सुनेचा दंड घट्ट धरला होता. नात दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून बसली होती. वाटेत डायव्हिंगच्या होड्या नांगरलेल्या दिसल्या तेव्हा तिने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. किल्ल्याचं बांधकाम नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू झालं आणि १६६७ मध्ये पुरं झालं. सुमारे तीन किलोमीटरांचा तट, आणि दरवाजा असा बुरुजांच्या आड की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरापुढे आजी हात जोडून इतका वेळ उभ्या राहिल्या की मागची रांग वळसा घालून पुढे गेली. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींपैकी एकीच्या काठाशी त्या वाकल्या. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी, हे नातीने त्यांना समजावून सांगितलं. आजींनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. किती वेळा ते कोणी मोजलं नाही. होडीवाल्याने दिलेला तास संपला तेव्हा त्या दोघी अजून विहिरीपाशीच होत्या.

गाडीत रात्री आजींनी किल्ल्याचं नाव काढलं नाही. त्या प्रसन्न होत्या, शेजारच्या प्रवाशांना मालवणी खाजं वाटत होत्या आणि आपण कुठून येतोय हे त्यांना सांगता येत नव्हतं.

या निर्णयात आजोबांचं उत्तर बरोबर होतं आणि सुनेची अट त्याहून जास्त बरोबर होती, असं इथे स्पष्टच म्हणायला हवं. उरलेला वेळ ज्याचा कमी त्याला सकाळ द्यावी. पण ती सकाळ ज्याच्याकडून घेतली त्याला दुसरी कोणती मिळणार, हे त्याच रात्री ठरलं पाहिजे. आपल्या घरांतून पहिली गोष्ट पुष्कळदा होते, दुसरी क्वचितच. पावसाळ्यात बंद होणारे मालवणचे जलक्रीडेचे व्यवसाय सप्टेंबरपासून पुन्हा सुरू होतात. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या सुट्टीतल्या गाडीचं ते ज्या सकाळी उघडेल ती तारीख सुनेने नालवाडीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिली आहे, आणि तिच्याखाली आजोबांची सही घेतली आहे.